काशाची वाटी आणि आसराबाईचा चुडा

मित्रांनो, मला बोटांच्या टोकांवर अलगद धरा आणि कडेला नखाने टिचकी मारा. ऐकलात नाद? असा घुमणारा नाद स्टीलच्या वाटीला येत नाही, हे मी जरा ऐटीतच सांगते, कारण मी काशाची वाटी आहे. माझ्या कडेचा एक टवका उडालेला आहे. तो कसा उडाला, हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगणार आहे.

तांबे आणि कथील एकत्र वितळवून एका कासाराने मला घडवले. कासार म्हटले की तुम्हाला बांगड्याच आठवतील. पण काशाची भांडी घडवणारेही कासारच. १९८१ साली केदारखेड्याच्या राधाकिसन तात्यांनी मला जालन्याच्या बाजारातून आपल्या पत्नीसाठी, आसराबाईसाठी आणले. कापूस वेचून वेचून तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत ज्वारीचा दाणा बसावा. संध्याकाळी तळपायाला तूप लावून माझ्या बुडाने घासले की तूप काळेकुट्ट होई. "बघा, किती उष्णता निघाली!" असे म्हणत बाया तोंडावर हात ठेवत. खरे सांगू? त्या काळेपणात थोडा माझाही रंग असे. पण एवढे कौतुक चालले असताना आपण होऊन कोण सांगतो?

उन्हाळा लागला की मी घरोघर मागून नेली जाई. परत येताना कधी रिकामी आले नाही. कुणी गुळाचा खडा घाली, कुणी शेंगदाण्याची चटणी. सोळा-सतरा वर्षे मी गावातले तळपाय घासले आणि मनात पक्के धरले, की घासले म्हणजे बरे होते.

मग १९९८ साल आले. आसराबाई पंचाहत्तरीला टेकली होती. तिच्या नातीचे, बेबीनंदाचे, लग्न वैशाखात ठरले आणि घरात एकच बोलणे सुरू झाले: चुड्याचे. लग्नघरी कासारीण येते, आधी नवरीला हिरवा चुडा भरते, मग घरातल्या साऱ्या सवाष्णींना. आसराबाईने वर्षभरापूर्वी बांगड्या काढून ठेवल्या होत्या, कारण हातावरची कातडी फार खाजे. पण नातीच्या मांडवात मोकळ्या हाताने बसायला ती तयार नव्हती.

"तात्या जिते हायेत मपले," ती म्हणे. "मोकळे हात घेऊन बसले तर लोकं काय म्हन्तीन?"

आसराबाईची सून, बेबीनंदाची आई पुष्पाबाई, मनाने फार चांगली. सासूचे हात लग्नाआधी उजळ करायचे, असे तिने मनावर घेतले. पौषातल्या थंडीत ती वाफा येणारे कडक पाणी काढी, कपड्याचा साबण लावी आणि दगडाने खरखरून घाशी. आसराबाईच्या हातांवर वयाचे तपकिरी डाग होते. ते मळाचे आहेत असे समजून पुष्पाबाई तिथेच जास्त जोर लावी. कातडी आणखी कोरडी पडली, पांढरे पापुद्रे सुटू लागले, खाज दुप्पट झाली.

"आत्याबाई, आज वाटीनं घासून बघते," एके दिवशी ती म्हणाली. "टाचा बऱ्या झाल्या, मंग हात काऊन न्हाई व्हायचे?"

मला तर आनंदच झाला! तिने तूप लावले, मला डाव्या हातावर ठेवले आणि दाबून एकदा फिरवले. मित्रांनो, भाजलेल्या शेंगदाण्याचे लाल टरफल बोटाने चोळताच कसे निघून येते, तशी आसराबाईची कातडी माझ्या बुडाखाली सरकली. हातभर रक्त झाले. पुष्पाबाईने किंचाळून मला फेकले. मी उंबऱ्यावर आपटले आणि हा टवका उडाला. पण मला माझ्या टवक्याचे काही वाटले नाही. ज्या बाईने मला सतरा वर्षे जपले, तिला मीच जखमी केले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली. आसराबाई रडली नाही. एवढेच म्हणाली, "आता मपल्या हातात चुडा जात न्हाई, पुष्पे." पुष्पाबाईला ते बोलणे रडण्यापेक्षा जास्त लागले. तिने दोन दिवस धड जेवण केले नाही.

पंधरा दिवसांनी चांगुणाबाई कासारीण बांगड्यांची मापे घ्यायला आली. माझ्या माहेरच्या जातीचीच की ती! चाळीस वर्षे हजारो हात तिने हातात धरले होते. तिने आसराबाईचा हात उजेडात धरला, पट्टीला बोटही न लावता वरखाली पाहिला आणि पुष्पाबाईकडे वळली.

"घासून राह्यली व्हतीस ना?"

पुष्पाबाईने मान खाली घातली.

"अगं माय, भांडं हाय का हे? म्हाताऱ्या मान्साचं कातडं पातळ झालेलं असतंय. जखमंचं डाक्टर बघतील, बाकीचं तू बघ. पाणी कोमट. कपड्याचा साबण बिलकुल न्हाई. आन् अंग पुसायचं न्हाई, टिपायचं."

"टिपायचं म्हंजी?"

चांगुणाबाईने पाण्याचे चार थेंब आपल्या मनगटावर टाकले, जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा त्यावर नुसता टेकवला आणि उचलला. "असं. अंग जरा ओलं हाय तवाच खोबऱ्याचं तेल. चोळायचं न्हाई, लावायचं. दुपारी उन्हात जायचं तर हातावर पदर. हाये का अवघड?"

मग तिने मला उचलले. मी धास्तावले. पण ती हसून म्हणाली, "हिच्यात तेल ठिव. हातावर फिरवू नगं. हाताला हातच पायजे."

तेव्हापासून माझे काम बदलले. मी घासणारी होते, आता नुसती धरणारी झाले. पुष्पाबाई रोज मला कोमट तेलासह सासूजवळ ठेवी, आणि मी पहिल्यांदाच त्या हाताकडे नीट पाहिले. काय सांगू तुम्हाला! मनगटावर पसरट झालेले हिरवे गोंदण, निळ्या शिरा, नदीकाठच्या चिखलावर उठतात तशा बारीक रेघा. लुगड्याला ठिगळ लागते, भांड्याला कल्हई होते. पण जन्मापासूनची तीच कातडी उन्हातान्हात, चुलीपुढे, बाळंतपणात, कापसाच्या बोंडांच्या टोचण्यात या बाईला पुरली होती. आणि ती स्वतःच स्वतःला शिवत होती! जखमेच्या कडांनी रोज थोडी नवी, गुलाबी कातडी पुढे सरके. माझा टवका तर इतक्या महिन्यांत केसभर भरला नव्हता. मी धातू आहे, मी टिकाऊ आहे, हा माझा सारा तोरा त्या हातापुढे गळून पडला.

वैशाखात चुड्याचा दिवस उजाडला. बेबीनंदाचा चुडा झाला आणि आसराबाई चांगुणाबाईपुढे बसली. तिने डोळे घट्ट मिटून डावा हात पुढे केला. पुष्पाबाई दाराआड उभी होती, तिला बघवेना. चांगुणाबाईने माझ्यातले तेल बोटावर घेतले, आसराबाईच्या बोटांच्या सांध्यांना लावले, हातावर तलम रुमाल घातला आणि एक मापाने मोठी बांगडी त्यावरून सरकवली. एक गेली. दुसरी गेली. दोन्ही हात हिरवे झाले, तरी रुमालावर रक्ताचा एक ठिपका नव्हता.

"झालं?" आसराबाईने डोळे न उघडताच विचारले.

"झालं, माय. बघ तरी."

बांगड्या भरल्यावर कासारणीला नमस्कार करायची रीत आहे. आसराबाईने चांगुणाबाईला हात जोडले. मग तेच किणकिणणारे हात दाराकडे वळवून जोडले. "पुष्पे, हिकडं ये. तळहाताच्या फोडावानी जपलंस गं मला." तेव्हा कुठे पुष्पाबाई रडली.

मित्रांनो, आसराबाई जाऊनही आता काही वर्षे झाली. मला चिंचेने घासून लख्ख केले नाही तरी चालेल. मी भांडे आहे, वाट पाहीन. पण तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या हाताला शिवताना आधी बळ बाजूला ठेवा.

परवा बेबीनंदा माहेरी आली. न्हाऊन आलेल्या आईचा हात तिने टॉवेलने खसखसून पुसायला घेतला. त्या हातावर आता तेच तपकिरी डाग आहेत. पुष्पाबाईने हळूच हात मागे घेतला आणि फळीकडे बोट दाखवले.

"पुसू नगं, बाई. टीप. आन् ती वाटी काढ."