वर फक्त कुटुंबांसाठी

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मनोरंजन पार्कातल्या हॉटेलचा जिना चढून इब्तिहाल वर आली आणि तिची नजर आधी गेली ती मागच्या दाराकडे. ही तिची जुनी खोड. बसऱ्यात जळिताच्या वॉर्डात बावीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर माणूस कुठल्याही खोलीत शिरताना बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवतो.

दार होतं. पण त्याच्या कड्यांतून साखळी ओवलेली होती, आणि साखळीला मुठीएवढं कुलूप.

खाली टक्कर-मोटारींचा धडधडाट चाललेला. एकटेदुकटे पुरुष तिथेच बाकड्यांवर फलाफल खात बसायचे, आणि बायकापोरांसह आलेल्यांनी वर यायचं. खालच्या पोरांना वरच्या लेकीबाळी दिसू नयेत म्हणून खिडक्यांना सोनेरी कागद चिकटवलेला. टेबलाटेबलांमध्ये प्लायवूडचे आडोसे, त्यांना झालरीचे पडदे. छत कसल्याशा चकचकीत फोमचं. एसी मात्र मस्त गार होता, आणि बाहेर अठ्ठेचाळीस अंशांचं ऊन. एकही टेबल रिकामं नव्हतं.

आजचं जेवण हज्जिया बद्रियाकडून होतं. तिचा मुलगा मुहन्नद आणि इब्तिहालची मुलगी रफल यांचं जमतंय का, ते बघायला दोन्ही घरं पहिल्यांदाच एकत्र बसत होती. सोबत मुहन्नदची सहा वर्षांची बहीण शहद, नव्या गुलाबी झग्यात.

"भाऊ, ते मागचं दार बंद का ठेवलंय?" इब्तिहालने मॅनेजरला विचारलं.

"टवाळ पोरं शिरतात हो तिथून. तुमच्याच लेकींसाठी केलंय, खाला."

"किल्ली कुठंय?"

"मालकांकडे. ते गेलेत नजफला. तुम्ही जेवायला आलात की पहाऱ्याला?" तो हसला. "मासा सांगू?"

हज्जियाही हसली. "रफलच्या आई, सणाच्या दिवशी तरी तो वॉर्ड तिथेच ठेवून येत जा गं! मसगूफ मासे आण रे दोन. आणि अंब्याची चटणी हात आखडून वाढू नकोस."

टेबलाखाली रफलने आईच्या मांडीला हलकेच चिमटा काढला. "यम्मा, आज नको ना."

इब्तिहालने पाण्याचा पेला उचलला. पोरीचं जमत आलेलं, आपल्या तोंडाने का मोडा? पण तिची नजर आत जात राहिली. भटारखान्याच्या खिडकीतून माशाची चरबी निखाऱ्यांवर गळताना दिसत होती, आणि दर वेळी ज्वाळा हातभर वर उठत होती. वर, फोमवर, तेवढ्या भागात काळा डाग धरला होता.

तेवढ्यात वीज गेली. बसऱ्यात त्याचं कुणाला नवल नाही. जनरेटर लागेपर्यंत लोक बोलणं तेवढं थांबवतात आणि पुन्हा सुरू करतात. पण आज जनरेटर लागेना. सोनेरी कागदातून रोगट पिवळा उजेड तेवढा येत होता. मग जळक्या चरबीचा वास आला आणि कुणीतरी किंचाळलं, "आग!"

पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात झालं. आडोसे कोसळले, खुर्च्या उलथल्या, सगळा हॉल त्या एकाच जिन्याकडे लोटला. इब्तिहाल रफलचं मनगट धरून, तिला भिंतीशी दाबून उभी राहिली. गर्दीत शहदचा हात हज्जियाच्या हातातून सुटला.

दिवे लागले. आग नव्हतीच, नुसता धूर होता.

"कोण रे तो शहाणा ओरडला?" मॅनेजरने टाळी वाजवली आणि लोक हसत, एकमेकांना टोमणे मारत परत टेबलांशी आले. शहद जिन्याच्या पहिल्या पायरीशी सापडली. ती रडतही नव्हती. तिच्या तळहातावर बुटाची नक्षी उठली होती. इब्तिहालने एकेक बोट दाबून पाहिलं. मोडलं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली.

"अगं, मासे आत्ता आलेत!"

"बांधून घ्या. मी इथे बसणार नाही आणि माझी मुलगीही बसणार नाही."

हज्जियाचा चेहरा पडला. "आमचं बोलावणं पसंत पडलं नाही, असं सरळ म्हणा ना. अजून बोलणीही झाली नाहीत आणि आत्तापासून हुकूम!"

रफलचे डोळे भरून आले. मुहन्नद उठला, त्याने शहदला कडेवर घेतलं आणि आईला म्हणाला, "चल. हिचा हात बघ आधी."

खाली आकाशपाळण्याच्या सावलीत, कागदावर मासे पसरून त्यांनी कसंबसं खाल्लं. हज्जिया पाठ करून बसली होती. इब्तिहालची नजर जिन्यावरून हटत नव्हती. नव्या कपड्यांतली कुटुंबं एकामागून एक वर चढत होती. कुणाच्या हातात फुगे, कुणी बाबागाडी उचलून नेत होतं. एका तरुण आईला तिने थांबवलं. "वर नको जाऊस, बाळ. मागचं दार कुलूपबंद आहे."

"मग या उन्हात बसू का, खाला?" ती म्हणाली आणि पोराला घेऊन वर गेली.

त्याच आठवड्यात इब्तिहालने त्या कुलूपबंद दाराबद्दल अर्ज लिहिला आणि मुहन्नद तो अग्निशमन खात्याच्या कचेरीत देऊन आला. कारकुनाने शिक्का मारला. पुढे दोन खेपा झाल्या. साहेब रजेवर, मग कागद वरच्या साहेबांकडे. हज्जिया महिनाभर रुसून होती. एक दिवस मिठाईचा डबा घेऊन आली, म्हणाली, "पोरगी द्या आता, फार ताणू नका." सोयरीक ठरली. पार्काचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर इब्तिहालच्या मनात यायचं, उद्या आपणच कचेरीत जाऊन यावं. सकाळी ड्यूटी असायची.

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता वॉर्डातला फोन वाजला. डॉक्टर होते.

"किती खाटा रिकाम्या आहेत, सिस्टर?"

"चार."

"सगळा वॉर्ड रिकामा करा. जे चालू शकतात त्यांना व्हरांड्यात काढा. लहान मुलं जास्त आहेत."

कुठून येताहेत, हे तिने विचारलं नाही. फोन ठेवला, कपाट उघडलं आणि लहान मापाच्या चादरी बाहेर काढायला घेतल्या.