आमचे आजोबा, वय चौदा

धाकट्या भावाला आम्ही चौदाव्या वर्षीच 'आजोबा' करून टाकलं. कशात रस नाही, चेहरा कायम उतरलेला. आम्ही म्हणायचो, स्वभावच तसा.

यंदा, त्याच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याच्यासोबत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "चौदाव्या वर्षाआधी हे कसे होते?"

मला जेवणाचं टेबल आठवलं. हा आत्याची हुबेहूब नक्कल करायचा आणि सगळ्यात जास्त आत्याच हसायची.

"सौम्य नैराश्य आहे, वर्षानुवर्षं मुरलेलं," डॉक्टर म्हणाले. "उपचारांनी फरक पडतो."

म्हणजे तीस वर्षं आम्ही आजाराला लाडाने हाक मारत होतो. स्वतःचाच संताप आला.

गोळ्या आणि समुपदेशन सुरू होऊन चार महिने झाले. काल त्याचा फोन आला.

"काय गं भवाने, विसरलीस ना मला?"

आत्याला जाऊन वीस वर्षं झाली. तरी मी खुर्चीतून उठून म्हणाले, "नाही गं आत्या."