रोजची एक थाप

माझी नोकरी वजनमापं तपासण्याची. दुकानादुकानांत जायचं, काट्यावर आपलं सरकारी वजन ठेवायचं आणि दुकानदाराचे खुलासे ऐकायचे. दिवसभर लोकांचं खोटं पकडणाऱ्या माणसाला सकाळी एक तरी थाप मारायची मुभा असावी, असं माझं जुनं मत आहे. ती मुभा मला बायकोने दिली, तीही भांडून.

तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच आणि पाहुणा आला तर तोही तिथेच. सकाळी ही ओट्याशी चहा करायची आणि मी खाटेवर मांडी ठोकून पेपर मोठ्याने वाचून दाखवायचो, कारण तिचे हात गुंतलेले आणि माझी जीभ रिकामी. एकदा पेपर अगदीच मिळमिळीत निघाला. मी गंभीर आवाजात वाचलं, ‘चौकातल्या पुतळ्याला थंडी बाधू नये म्हणून नगरपालिका त्याच्यासाठी स्वेटर विणून घेणार. मापं घेण्याचं काम सुरू.’

"चला, कुणाला तरी काळजी आहे," ही म्हणाली. मला वाटलं, चेष्टेला चेष्टेने उत्तर दिलं.

संध्याकाळी घरी आलो तर घरमालकीणबाई जिन्यातच उभ्या. हिने सकाळी त्यांना बातमी सांगितली होती आणि त्या बिचाऱ्या उरलेली लोकर पिशवीत भरून थेट चौकात जाऊन आल्या होत्या. त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. जेवणानंतर ताट उचलताना ही म्हणाली, "यापुढे रोज एकच. मी पकडली तर दुसरा चहा तुम्ही करायचा."

"आणि नाही पकडली तर?"

"तर मी करीन. नाहीतरी मीच करते."

असा आमचा खेळ सुरू झाला. सुरुवातीला मी रोज हरायचो. थापेआधी मी घसा साफ करतो हे तिने हेरलं होतं. मग मी खऱ्या बातमीआधीही खाकरायला लागलो, तेव्हा "औषध घ्या आता" म्हणून तिने मला काढा पाजला. आमची लेक बोलायला लागली तीच मुळी "खोतं!" म्हणत. पुढे शाळेत बाई पृथ्वी गोल आहे असं सांगत असताना ही कार्टी उभी राहून "खोटं!" म्हणून ओरडली आणि आम्हा दोघांना मुख्याध्यापकांसमोर जाऊन बसावं लागलं. बाहेर पडल्यावर आम्ही फाटकापाशी पोट धरून हसलो. इतकं हसल्याचं मला नंतर क्वचितच आठवतं. त्या खोलीत उन्हाळ्यात जीव जायचा, नळाला पाणी नसायचं, पण मला कुणी ते दिवस परत देऊ केले तर मी चपला न घालता धावत जाईन.

पुढे मोठं घर झालं. स्वयंपाकघर वेगळं, बैठकीची खोली वेगळी, मध्ये चांगली जाडजूड भिंत. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. मी बाहेर खुर्चीत बसून वाचायचो, ही आतून उत्तर द्यायची. खेळ चालूच होता.

आणि गेले काही महिने मी जिंकत होतो! एकेक लोणकढी थाप मारावी आणि आतून "हो का?" यावं. दुसरा चहा आयता हातात. मी स्वतःच स्वतःला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. ऑफिसातल्या शेजारच्या टेबलावर बढाई मारली की अनुभवाला तोड नसते.

पण रोज जिंकण्यात कसली मजा? खरं सांगायचं तर मला त्या चहाची कधीच पर्वा नव्हती. आतून ठसक्यात येणाऱ्या त्या "खोटं!"साठी मी सकाळी लवकर उठत होतो. ते येईना, म्हणून मी मुद्दाम पकडता येईल अशी थाप शोधली. परवा वाचलं, ‘दुरुस्तीच्या कामासाठी मंगळवारी चंद्र बंद राहील.’

"बरं."

रोज एकचा नियम मोडून मी दुसरी मारली, ‘वजनमापं निरीक्षकाचा मगरीशी विवाह. वधूपक्ष नाराज.’

"छान झालं," ही म्हणाली.

मी पेपर ठेवला आणि आत गेलो. ती पाठमोरी होती, ओट्यावर कणीक मळत. मी दारातून हाक मारली. ती वळली नाही. अगदी मागे जाऊन, लग्नाच्या नवलाईत मी जे लाडाचं नाव ठेवलं होतं त्या नावाने हाक मारली. ती मळतच राहिली.

खांद्याला हात लावला तशी दचकली. "काय हो! केवढी घाबरले मी."

तिला स्टुलावर बसवलं, समोर डबा उपडा घालून मी बसलो. "तुला ऐकू येत नाहीये."

"येतं की. तुम्हीच हल्ली तोंडातल्या तोंडात वाचता." मग पिठाने माखलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला. माझाच आला असेल म्हणा. म्हणून काही ऐकू आलं नाही तरी अंदाजाने हो हो म्हणत होते. उगाच काय वाचलंत म्हणून विचारलं आणि तुम्ही वाचायचंच बंद केलंत तर?"

मी विजयाचे चहा ढोसत होतो, तेव्हा भिंतीपलीकडे ही असं समजून चहा उकळत होती.

"आज संध्याकाळी कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," मी मोठ्याने म्हणालो.

"जाऊ. आणि ओरडू नका, समोरच बसलेय. आधी माझ्या राहिलेल्या सगळ्या थापा सांगा."

एकही आठवत नव्हती. इतक्या मेहनतीने रचलेल्या, सगळ्या वाऱ्यावर गेलेल्या. तरी मी सुरू केलं, "एकदा असं वाचलं की शहरातल्या मांजरांनी दुधवाल्यांविरुद्ध मोर्चा..."

"ही आत्ता रचलीत."

"कशावरून?"

"आठवताना तुम्ही छताकडे बघता. थाप मारताना माझ्याकडे." तिने हात झटकले. "उद्यापासून इथेच बसून वाचत जा. आणि उठा आता, चहा टाका."

मी उठलो, आधण ठेवलं. पाठ करून उभा राहणार होतो, पण मग तिला माझं बोलणं ऐकू आलं नसतं, म्हणून वळलो. तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"वाफ गेली डोळ्यांत," मी म्हणालो.

"खोटं!" ती म्हणाली.