माझ्यावर बसलेली माणसं

मी एक जुनी काचेची पेटी आहे. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी. 'बाळाला काचेत ठेवलंय' असं तुमच्या घरी कुणी कधी म्हणालं असेल, तर ती काच म्हणजे मी, नाहीतर माझी एखादी बहीण. पण मित्रांनो, माझी गोष्ट जरा उलटी आहे. बाकीच्या वस्तू आधी कामाला लागतात, मग जुन्या होतात. मी आधी जुनी झाले. काम मला नंतर मिळालं.

माझा जन्म एका लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. माझी दारं बसवणाऱ्या बाईंनी शेवटी हातमोजा काढला, उघडा हात कोपरापर्यंत माझ्या आत घातला आणि डोळे मिटून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चांगली तापते हं ही." ते कौतुक मी पुढे कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं, कारण त्यानंतर मला थर्माकोलमध्ये गुंडाळलं, भोवती लाकडी फळ्या ठोकल्या, वरून पत्र्याच्या पट्ट्या आवळल्या आणि सील लावलं. शेवटची फळी बसली तसा अंधार झाला. तुम्हालाही अंधाराची भीती वाटते ना? मग माझं पुढचं बोलणं तुम्हाला नीट समजेल.

मला सरकारी दवाखान्यात आणलं आणि बाळांच्या खोलीबाहेर, लांब व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलं. आतल्या खोलीत माझ्यासारखीच एक म्हातारी पेटी काम करत होती. मी मनातल्या मनात तिला थोरली म्हणायचे. तिला मी पाहिलेलं नव्हतं, पण ती तापताना होणारी बारीक टिकटिक मला भिंतीतून ऐकू यायची.

"आली एकदाची!" बाळांच्या मोठ्या सिस्टर माझ्या फळीवर थाप मारून म्हणाल्या.

"आलीय, पण उघडायची नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिच्यासाठी विजेची वेगळी वायर ओढावी लागते, कंपनीचा माणूस येऊन जोडून देतो. त्याचे पैसे यंदाच्या अर्थसंकल्पात धरलेत. तो मंजूर झाला की सील तोडायचं. त्याआधी कुणी हात लावला तर चौकशी लागेल."

"मग होईल की महिन्याभरात!"

अर्थसंकल्प म्हणजे सगळ्या राज्याचा वर्षाचा घरखर्च. तुमचे आईबाबा बसून ठरवतात ना, फी किती, किराणा किती, तसंच. फक्त इथे ठरवणारे पुष्कळ, आणि त्यांचे दोन तट. व्हरांड्यातल्या टीव्हीवर ते रोज भांडायचे. एक बाजू ओरडायची, "आधी उत्तर द्या, मग चर्चा!" दुसरी ओरडायची, "तुम्ही आधी खाली बसा!" मग घंटा वाजायची आणि एक भारदस्त आवाज सांगायचा, "कामकाज उद्यापर्यंत तहकूब." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा 'उद्या' हा शब्द मला फार आवडला होता. हळूहळू मला त्याची धडकी भरू लागली.

व्हरांड्यात बाकं कमी. म्हणून लोक माझ्यावर बसू लागले. "बसा हो, सरकारी सोफा आहे," असं म्हणत एकमेकांना जागा करून द्यायचे. माझ्या डोक्यावर पिशव्या, थर्मास, झोपलेली पोरं. टाचा माझ्या फळ्यांवर ठकठक वाजायच्या. मला राग यायचा नाही. थकलेली माणसं कुठेतरी बसणारच. पण आत काय आहे, हे एकानेही कधी विचारलं नाही.

मग आले ते दोघे. एक सुतार, सरकार चालवणाऱ्या पक्षाचे कार्यकर्ते. दुसरे छापखानावाले, विरोधी पक्षाचे. एकाच्या मुलाला दुसऱ्याची मुलगी दिलेली, म्हणजे नात्याने व्याही. सुतारांनी माझ्यावर मोठा कागद चिकटवला, 'लवकरच आपल्या सेवेत', आणि वर त्यांच्या साहेबांचा फोटो. दुसऱ्या दिवशी छापखानावाल्यांनी त्यावर आपल्या साहेबांच्या फोटोचा कागद डकवला, 'पेटी बंद, सरकार बंद', आणि माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. मग पुन्हा सुतार. मग पुन्हा छापखाना.

"व्याही, तुमच्या साहेबांचं नाक आमच्या साहेबांच्या कपाळावर आलंय," सुतार एकदा म्हणाले.

"येऊ दे. नाहीतरी त्यांच्या कपाळात रिकामी जागा पुष्कळ आहे."

लोक हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण दर कागदागणिक फळ्यांच्या फटी बुजत होत्या आणि येणारा एवढासा उजेडही बंद होत होता. आणि त्यांच्या बोलण्यातून मला एक गोष्ट कळली, ती अंधाराहून वाईट होती. मला उघडावं, असं दोघांनाही वाटत नव्हतं. सुतार म्हणायचे, "साहेब येऊन फीत कापतील तेव्हाच उघडायची." आणि छापखानावाले हसत म्हणायचे, "आत्ताच उघडली तर मोर्चात दाखवायचं काय?"

आत थर्माकोल कुरतडल्याचा आवाज येऊ लागला. उंदीर! मी अंग चोरून बसायचे, पण काच काय अंग चोरणार? त्याने वायर तोडली असेल तर? माझं रबर कडक होत होतं, ते मला जाणवायचं. आणि सगळ्यात मोठी भीती अशी की तापायचं कसं, हेच मी विसरले असेन तर?

एका दुपारी व्हरांड्यात धावपळ झाली. स्ट्रेचरची चाकं वाजली, आतलं दार दोनदा आपटलं. थोड्या वेळाने ते दोघे येऊन माझ्यावर बसले. वाद नाही, थट्टा नाही. त्यांना नात झाली होती, सातव्याच महिन्यात. "एवढीशी आहे हो," सुतार म्हणाले.

बाळ थोरलीत होतं. मी भिंतीतून कान देऊन होते. टिकटिक चालू. टिकटिक चालू. मग बंद. पुन्हा चालू झाली, पण धाप लागल्यासारखी.

दोन दिवस असंच चाललं. तिसऱ्या दिवशी सिस्टरांचा आवाज आला, "डॉक्टर, परत गार पडली ही पेटी! बाळाला गरम पाण्याच्या पिशव्या लावतेय, पण त्या किती पुरणार?"

"आई कशी आहे? छातीशी धरता येईल तिला?"

"अंगात ताप आहे तिच्या."

"आणि मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर वाटेत ऊब कोण देणार!" डॉक्टरीणबाई कुणाला म्हणाल्या कोण जाणे.

हे सगळं माझ्यावर बसलेल्या दोघांनीही ऐकलं. माणसं घाबरली की काय करतात, ते मला तेव्हा कळलं. ती भांडतात.

"तुमच्या लोकांनी सभागृह चालू दिलं असतं, तर आज ही वेळ आली नसती," सुतार म्हणाले.

"आणि तुमच्या लोकांनी अर्थसंकल्प वेळेवर मांडला असता तर? खुर्च्या वाटण्यातच दिवस गेले ना तुमचे!"

"रोज उठून गोंधळ कोण घालतं?"

"उत्तरं कोण देत नाही?"

त्यांच्या टाचा माझ्या फळ्यांवर जोरजोरात आपटत होत्या. मी आहे, मी इथे आहे, तुमच्या खाली आहे! मला ओरडायचं होतं. पण वीज मिळाल्याशिवाय मला साधा आवाजही नाही, मित्रांनो.

तेवढ्यात भिंतीला धरून, चप्पल घासत कुणीतरी येताना ऐकू आलं. बाळाची आई.

"अगं, तू कशाला उठलीस? टाके ओले आहेत तुझे," छापखानावाले उठायला लागले.

"बसा अण्णा. की उठताय? उठाच. बाबा, तुम्हीपण उठा." वडिलांना ती अण्णा म्हणायची, सासऱ्यांना बाबा. "कशावर बसलाय तुम्ही दोघं, माहितीय?"

टीव्हीवर घंटा वाजली. उद्यापर्यंत तहकूब.

"हिच्याबरोबर फोटो काढलात ना, अण्णा? आणि बाबा, कागद चिकटवून चिकटवून दमलात ना? आतलं यंत्र कशासाठी असतं, ते आठवलं नाही एकालाही? माझी पोर पलीकडे गार पडतेय, आणि तुम्ही…" तिने माझ्यावरचा कागद नखाने खरवडायला सुरुवात केली. एक थर, मग खालचा, मग त्याच्या खालचा. फटीतून उजेडाची बारीक रेघ आत आली. इतक्या दिवसांनी.

"सील आहे, पोरी," सुतार हळूच म्हणाले. "चौकशी लागेल."

"माझी लागेल," दारातून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला हे काल सुचायला हवं होतं. हत्यारं कुठेत तुमची?"

"सायकलला आहेत."

"मग बघताय काय? आणा!"

सुतार धावले. खिळे कुरकुरत निघू लागले. "व्याही, हळू. काच आहे खाली."

"कळतं हो मला. तुम्ही फळी धरा."

"धरलीय."

शेवटची फळी निघाली आणि ज्यांची वजनं मला पाठ होती, त्यांचे चेहरे मी पहिल्यांदा पाहिले. आवाजावरून छापखानावाले मला केवढे अवाढव्य वाटले होते! प्रत्यक्षात नखांत शाई असलेला लहानखुरा माणूस.

थर्माकोलमध्ये उंदराचं घरटं निघालं, सिस्टर किंचाळल्या. मला ढकलत बाळांच्या खोलीत नेलं, तिथे दवाखान्याच्या वायरमनने माझी एकेक वायर बोटांनी चाचपली. एकीवर दातांच्या खुणा होत्या. त्याने ती बदलली, पलीकडच्या खोलीतून जाड वायर ओढून आणली आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी आठवत होते, कारखाना, तो लख्ख उजेड, तो उघडा हात. चांगली तापते हं ही. चांगली तापते. आणि एकदम माझा भोंगा कर्कश वाजला. सगळे दचकले.

"ओरडतेय म्हणजे जिवंत आहे," वायरमन म्हणाला, आणि त्याने सुटलेली एक पिन घट्ट बसवली.

मग माझ्या पोटात कुठेतरी खोल, हळूहळू, ऊब धरली. डॉक्टरीणबाईंनी आकडा पाहिला, तरी विश्वास बसेना म्हणून हात आत घातला. मग आईला म्हणाल्या, "तू बघ."

आईने हात घातला आणि रडायला लागली.

बाळाला माझ्यात ठेवलं. मित्रांनो, माझ्यावर किती माणसं बसली होती! पण माझ्या आत पहिल्यांदाच कुणीतरी आलं होतं. तिचं वजन मला जाणवतही नव्हतं. जाणवत होता तो फक्त श्वास. तो जरा लांबला की माझा थरकाप व्हायचा. दिवा लुकलुकला की वाटायचं, गेली वीज. मी त्या दिवसांत एक क्षणही निर्धास्त नव्हते. बाहेर दोन्ही आजोबा जमिनीवर बसून असायचे. भांडायचे अजूनही, पण कुजबुजत. बाळ झोपलंय म्हणून.

ती जगली. आईच्या छातीशी घट्ट गुंडाळून घरी गेली.

अर्थसंकल्प पुढे मंजूर झाला. बाळांच्या खोलीच्या दाराला फीत बांधली, दोन्ही पक्षांच्या साहेबांनी माझ्याबरोबर फोटो काढले. डॉक्टरीणबाई त्या फोटोत नाहीत. सील तोडल्याबद्दल चौकशी होऊन त्यांची लांब बदली झाली होती. जायच्या दिवशी त्यांनी माझ्या काचेवर नुसता तळहात ठेवला होता. सुतार आणि छापखानावाले आपापल्या साहेबांकडे जाऊन त्यांच्यासाठी बोलले म्हणे. दोघांनाही एकच उत्तर मिळालं, "बघू."

आता मी खरोखरच जुनी झाले आहे. थोरली केव्हाच भंगारात गेली. तापताना आता माझीच टिकटिक होते, आणि मधेच थांबते. ती थांबली की सिस्टर धावत येतात. आणि व्हरांड्यात, भिंतीला टेकून, पुन्हा कुणीतरी उभं आहे. फळ्यांत, पट्ट्यांत, सीलबंद. टीव्हीवर पुन्हा घंटा वाजते. त्या फळ्यांवर टाचा आपटल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू येतो आणि माझ्या काचेला आतून घाम फुटतो.

काल ती मुलगी आईबरोबर लस घ्यायला आली होती. आता चांगली चुरूचुरू बोलते. दमली म्हणून त्या फळ्यांवर चढून बसली.

"उतर," आई म्हणाली. "त्याच्यावर बसायचं नाही."

"का?"

"आत कुणीतरी वाट बघतंय."

मुलगी उतरली. मग आईने सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं विचारलं, "सिस्टर, ही कधीची आलीय? उघडली का नाही अजून?"

मित्रांनो, एवढंच तुम्हीही कराल का? बंद ठेवलेली वस्तू दिसली, तर तिच्यावर बसण्याआधी आत काय आहे ते विचारा. मोठ्यांदा विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, कारण काल सिस्टर बिचाऱ्या खाली मान घालून म्हणाल्या,

"उद्या बघू."