डिड नॉट वेंट

राजवर्धननं बोलावलं तेव्हाच विजयमालाबाईंना नाही म्हणायचं होतं. हा मुलगा दहावीत त्यांच्या इंग्रजीच्या वर्गात होता. तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याची त्याला लाजही नव्हती. आता त्यानं रहिमतपुरात इंग्रजी संभाषणाचा क्लास काढला होता. चौकातल्या फ्लेक्सवर भर उन्हाळ्यात कोट घालून उभा. वर्धापनदिनाला पाहुण्या म्हणून त्याला निवृत्त बाई हव्या होत्या. शेवटी त्या गेल्या, ते त्याचं अज्ञान किती वाढलंय हे बघायला.

शाल, नारळ झाला. मग त्यानं इंग्रजीत जे भाषण ठोकलं, त्यात कर्त्याचं आणि क्रियापदाचं एकदाही जमलं नाही. बाई मांडीवरच्या नारळाची शेंडी उपटत राहिल्या. असल्या माणसाची चूक काढणं म्हणजे त्याला किंमत देणं.

नंतर त्यानं शिवांजलीला पुढं बोलावलं. कृष्णात नावाच्या ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याची ही मुलगी, नुकतीच बारावी झालेली. ती हळूच म्हणाली, “यस्टरडे आय डिड नॉट गो टू कॉलेज.”

“वेंट!” राजवर्धन ओरडला. “काल म्हणालीस ना? भूतकाळ! डिड नॉट वेंट. म्हण.”

मुलगी अडखळली. खाली मान घालून म्हणाली, “डिड नॉट वेंट.” टाळ्या पडल्या.

बाई उठल्या. “तिचं बरोबर होतं, गाढवा. भूतकाळ ‘डिड’नं घेतलाय. मराठीत आपण ‘गेले नव्हते’ म्हणतो, दोन्ही शब्द भूतकाळात. म्हणून तुला तिथंही दोन हवेत. इंग्रजीत मदतीचं क्रियापद काळ सांगतं, मुख्य क्रियापद मूळ रूपात राहतं. डिड नॉट गो.”

राजवर्धन हसला. “बाई, आता ग्रामर कोण बघतंय? कम्युनिकेशन महत्त्वाचं.”

“मग तिला दुरुस्त कशाला केलंस?”

मागून कृष्णात उठला. “आवं सर, पोरीचं बरोबर हुतं, तर तिच्यावर वरडला का?”

सरांनी घाईनं चहा मागवला.

क्लास काही बंद पडला नाही. उलट चौकात नवा फ्लेक्स लागला. त्यावर शाल पांघरलेल्या बाई आणि खाली ‘गुरूंचा आशीर्वाद’. बाईंना राग आला नाही, शिसारी आली.

शिवांजली मात्र क्लास सोडून बाईंच्या घरी येऊ लागली. बाई तिलाही सोडत नव्हत्या. “क्रियापद म्हणजे क्रिया दाखवणारा शब्द,” ती घोकल्यासारखं बोलली.

“असं? मग ‘नो’ म्हणजे माहीत असणं. त्यात तू काय हलवतेस, कान?”

एकदा तिनं ‘शी डज नॉट नो’ असं लिहिलं. बाईंनी मुद्दाम कपाळाला आठ्या घातल्या. “हे काय?” शिवांजलीनं लगेच खोडरबर उचललं.

“ठेव ते खाली!” बाई कडाडल्या. “त्या राजवर्धनपेक्षा तुझी चीड येते मला. त्याला येत नाही म्हणून तो चुकतो. तू येत असून खोडतेस.”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी समजूत काढली नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

दिवाळीच्या सुमारास बाईंनी तिच्या ‘शी कॅन स्विम’ या वाक्यावर बोट ठेवलं. “हे चुकलंय.”

शिवांजलीनं ते ओठांतल्या ओठांत दोनदा वाचलं. “न्हाई बाई. बरोबर हाय.”

“कशावरनं?”

“‘कॅन’ आलाय न्हवं? मग ‘स्विम’ला एस कशाला लावू?” ती जरा चिडूनच म्हणाली.

बाईंनी पान उलटलं.