चढणीवरची वैरण

नव्या गोठ्याचा आराखडा काढताना दादाने जेवढा जीव ओतला, तेवढा स्वतःच्या घरासाठीही ओतला नव्हता. बायको टोमणा मारायची, की पुढचा जन्म गाईचाच मागून घेते, निदान ओट्याची उंची तरी कोणी विचारील. जन्मभर लोकांचे गोठे आखले. आता स्वतःच्या हातांनी वाढवलेल्या गाईंच्या गोठ्याची पाळी आली होती. कागदोपत्री त्या धाकट्या भावाच्या. "तू फक्त आख, दादा. याच गोठ्यात म्हाताऱ्या होतील त्या," असं धाकटा म्हणाला आणि दादा विरघळला.

वारा खेळता राहावा म्हणून छपराला फट ठेवली, पाय घसरू नयेत म्हणून जमीन खरबरीत केली, सावलीला बिचकू नयेत म्हणून बाहेर जायच्या बोळाला भरीव भिंती घातल्या. बोळाच्या टोकाची चढण मात्र धाकट्याने मागितली, आजारी जनावर दवाखान्याच्या गाडीत चढवायला. ती गाडी तर बुटकी, मग चढण एवढी उंच कशाला, असं दादाने विचारलंही. पुढेमागे उपयोगी पडेल, म्हणाला. सख्ख्या भावाच्या शब्दाला पट्टी कोण लावतो?

गाईंना सवय व्हावी म्हणून रोज सकाळी चढणीच्या माथ्यावर वैरण टाकायचंही धाकट्यानेच सुचवलं. दादा वर उभा राहून "या गं बायांनो" म्हणायचा, आणि म्होरकी करडी पुढे, बाकीच्या मागे, माहेरी आल्यासारख्या चढून यायच्या. देवाने मुक्या जिवाच्या पदरात विश्वास तेवढा भरभरून घातलाय.

आणि एका सकाळी चढणीला ट्रक लागलेला दिसला. ट्रकचा तळ आणि चढणीचा माथा, बोटभराचाही फरक नव्हता. धाकट्याने जमिनीकडे बघत सांगितलं, की गाई विकल्यात, गोठ्याचं गोदाम व्हायचंय. हे आधीपासूनच ठरलं होतं का, एवढंच दादाने विचारलं. धाकट्याने ड्रायव्हरला ट्रकचा मागचा फळका उघडायची खूण केली.

करडी माथ्यावर येऊन थांबली. वैरण नव्हती. मान वळवून ती दादाला शोधू लागली. ड्रायव्हरने काठी उचलली.

"दादा, तूच हाक मार ना," धाकटा म्हणाला. "मार तरी वाचेल त्यांचा."

दादा वैरणीची पेंढी उचलून ट्रकमध्ये चढला. "या गं बायांनो." आवाज चिरकला, तरी त्या आल्या. शेवटची आत आल्यावर धाकट्याने त्याला उतरायला हात दिला.

दादाने तो धरला नाही. करडीच्या मानेवर हात ठेवून तो तिथेच उभा राहिला.

"लाव फळका," तो म्हणाला. "तिकडे उतरवताना यांना हाक कोण मारणार?"