आरपार वारा

लॅपटॉप बंद पडला तेव्हा यागोदा जर्मन भाषेत स्वतःचं कौतुक करत होती. "रात्रपाळीचा मला कधीच कंटाळा नसतो," एवढं म्हणाली आणि पडदा काळा ठिक्कर.

ऑस्ट्रियातल्या एका इस्पितळाची मुलाखत होती. तिचा नवरा तोमा तिकडेच ट्रक चालवतो. सणाला पिरोतला, आपल्या गावी, येतो आणि सुट्टीभर नुसता झोपतो. ही नर्सची नोकरी लागली तर नवरा-बायको एकदाचे एका छपराखाली येणार होते. इस्पितळाच्या बाई भल्या, म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलू. पण तेवढंच हं, त्यानंतर नाही.

यागोदानं लॅपटॉपला हात लावला तर तवा! भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

"तापलाय गं बिचारा," मागून सासू म्हणाली. "वारा लागला असणार. काल खिडकी उघडी टाकलीस ना?"

स्तामेनाबाईंचं सगळं शास्त्र या वाऱ्यापाशी सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की घरातून जो आरपार वारा जातो, तो माणूस मारतो. दाढ दुखली, वारा. कान ठणकला, वारा. शेजारणीच्या जावयाची नोकरी गेली तेव्हासुद्धा बाईंचा संशय वाऱ्यावरच. हसू नका. त्यांचा नवरा गवत कापून घामाघूम घरी आला, दोन खिडक्यांच्या मधे जरा आडवा झाला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. डॉक्टर काय, काहीही म्हणतात. त्या दिवसापासून रस्त्याकडची खिडकी बंद ती बंदच. रंग मारला तोही बंद खिडकीवरूनच.

दुसऱ्या दिवशी यागोदा कामावरून आली तर लॅपटॉपवर सासूच्या हातचं क्रोशाचं झाकण, आणि खाली तिनंच मागावर विणलेला जाड लोकरी गालिचा.

"आई, हे काय?"

"गार टेबलावर उघडाबागडा पडला होता मेला. पाठीला गारठा धरला म्हणजे?"

यागोदानं लॅपटॉप उलटा केला. खालच्या जाळ्या लाल-काळ्या लोकरीनं गच्च बुजल्या होत्या. म्हणजे ही सेवा आजची नव्हती! तिनं ब्रशनं एकेक तंतू काढला आणि जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाली, "आई, त्याला हवा लागते. खालून."

"खालून हवा? आणि मूत्रपिंडं गारठली तर?"

"त्याला मूत्रपिंडं नाहीत!"

"म्हणूनच इतका अशक्त."

यागोदानं हात टेकले. पण बुधवारी परत येऊन बघते तर पुन्हा तेच झाकण, पुन्हा तोच गालिचा. मग मात्र तिचा तोल गेला.

"तुम्ही मुद्दाम करताय! मी जायलाच नकोय तुम्हाला. मुलाखत बुडली की सुटलात!"

स्तामेनाबाई आंबट चेरींच्या बिया काढत बसल्या होत्या. हात कोपरापर्यंत लाल. त्यांनी मान वर केली नाही.

"नकोच आहे तू जायला," त्या म्हणाल्या. "कुणाला हवं असेल? पण नको म्हणून त्या यंत्राला मारीन, एवढी का मी हलकट आहे?"

त्या उठून अंगणात गेल्या. यागोदाला वाटलं, जीभ हासडून घ्यावी. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

गुरुवार उजाडला तोच पेटलेला. दुपारी मुलाखत. तोमानं फोनवर बजावलं होतं, वारा खेळता ठेव. पण कालच्या बोलण्यानंतर कुठल्या तोंडानं खिडक्या उघडणार? यागोदा बंद स्वयंपाकघरात कपडे सावरून बसली. सुरुवात छान झाली. मग लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. पडद्यावरच्या बाईंचा चेहरा मधेच थिजायचा, पुन्हा हलायचा. गेल्या वेळी अगदी असंच झालं होतं.

तेवढ्यात अंगणाकडची खिडकी उघडली. पाठोपाठ दुसऱ्या बाजूनं लाटण्याचे दणके. एक, दोन, आणि खाडकन! रंगाच्या खपल्या उडाल्या आणि रस्त्याकडची खिडकी उघडली. घरातून वारा असा सुटला की पडदे छताला लागले.

स्तामेनाबाई ओणव्या होऊन टेबलाच्या बाजूला आल्या, पडद्यावर दिसणार नाही अशा बेतानं. भर उन्हाळ्यात गळ्याला लोकरी शाल करकचून गुंडाळलेली. त्यांनी कॉफीचे चार इवलेसे पेले उपडे करून लॅपटॉपच्या कोपऱ्यांखाली एकेक सरकवले, गुडघ्यांवर बसल्या, आणि भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर घेऊन खालून वारा घालायला लागल्या. बरोबर दोन खिडक्यांच्या मधे. जिथं नवरा गेला तिथंच. चेहरा भीतीनं पांढराफटक पडलेला, ओठ पुटपुटतायत, पण हात काही थांबेना.

"कसला आवाज झाला?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं. "घरी कोण आहे?"

"माझी सासू," यागोदा जर्मनमध्ये म्हणाली. "तिच्यामुळं मी आत्ता तुमच्याशी बोलू शकतेय."

स्तामेनाबाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. त्या वारा घालत राहिल्या. पंखा हळूहळू निवत गेला, चेहरा थिजायचा थांबला, आणि शेवटी पडद्यावरच्या बाई हसून म्हणाल्या, सप्टेंबरपासून या.

यागोदानं लॅपटॉप मिटला. सासू टेबलापाशी तशीच गुडघ्यांवर.

"झालं, आई. घेतलं मला."

"घेतील नाही तर काय. मला उठव आधी. मान गेली."

खरंच गेली होती. डावीकडे वळेना की उजवीकडे. यागोदानं त्यांना बिछान्यावर बसवलं, आलुबुखाराची घरची राकिया तळहातावर ओतली आणि मान चोळायला घेतली. दारूचा वास घरभर झाला.

"म्हटलं नव्हतं मी?" स्तामेनाबाई कण्हत म्हणाल्या. "वाऱ्यानं!"

इतका वेळ वाकून बसलं की कुणाचीही मान आखडते, हे नर्सच्या अगदी ओठांवर आलं होतं. या विषयावर तिनं या घरात आयुष्यात माघार घेतली नव्हती.

"हो आई," ती म्हणाली. "वाऱ्यानंच."

सुनेच्या हाताखाली स्तामेनाबाईंचे खांदे हलायला लागले.

"तू गेल्यावर कोण चोळील गं मान?"

यागोदा उठली. आधी रस्त्याकडची खिडकी लावली, मग अंगणाकडची, आणि कड्या ओढून पाहिल्या.

"उघडू नका, आई," ती रडत म्हणाली. "मी परत येईपर्यंत एकसुद्धा उघडू नका."